मालकाच्या नावात चूक

मेहुणा : खाली बघू नकोस म्हणालात, म्हणून वर बघितलं. वर जास्त वाईट आहे, दाजी.

दाजी : वर काय आहे?

मेहुणा : तुमच्या बाजूचा तारेचा दोर. वर तुळईपाशी ज्या चापात आवळलाय ना, तो चाप सरकतोय.

दाजी : सरकतोय की तुला भास होतोय? उन्हात वर बघितलं की सगळंच सरकतं.

मेहुणा : आणि मघाशी आपण उभे आहोत तो पाळणा तुमच्या बाजूला खचकन खाली बसला, तोही भास? निळ्या रंगाचा मोठा डबा गेला, वॉकीटॉकी गेला, तुमची टोपी गेली.

दाजी : टोपी जुनीच होती.

मेहुणा : दाजी!

दाजी : ओरडू नकोस रे. तू ओरडलास की हलतोस, तू हललास की पाळणा हलतो, आणि पाळणा हलला की मला देव आठवतात. एकेकाचं नाव घेत बसलो तर संध्याकाळ होईल.

मेहुणा : तुमचा हूक कुठे आहे?

दाजी : कुठला हूक?

मेहुणा : कमरेच्या पट्ट्याचा! सेफ्टीच्या दोराला अडकवायचा तो. माझा अडकवलेला आहे, हा बघा. तुमचा?

दाजी : हूक माझ्या कमरेलाच आहे. दोर तेवढा नाही.

मेहुणा : नाही म्हणजे?

दाजी : सकाळी वाऱ्यानं उडाला. या धान्याच्या टाकीच्या पलीकडच्या अंगाला शिडी आहे ना, तिच्या पिंजऱ्यात जाऊन अडकला. म्हटलं, जेवायला वर जाऊ तेव्हा सोडवून घेऊ.

मेहुणा : म्हणजे सकाळपासून तुम्ही असेच उभे आहात? मोकळे?

दाजी : अरे, उभा जन्म मोकळाच लिहीत आलो. गळ्यात साखळी बांधून कुणाला अक्षर वळवता येतं का?

मेहुणा : ताईला काय सांगू मी? तुमचा नवरा गेला, पण अक्षर छान वळलं होतं?

दाजी : तसंच सांग. त्या निमित्तानं तरी ती माझ्या अक्षराला चांगलं म्हणेल.

मेहुणा : हसू नका. तुमचे दात वाजतायत, मला ऐकू येतंय.

दाजी : दात नाहीत, कवळी आहे. तिची तिला भीती वाटते, माझा काय संबंध?

मेहुणा : बटण दाबून बघू का परत?

दाजी : दाबून काय होणार? मुकादम जेवायला जाताना मेन स्विच पाडून गेलाय. पाळणा ओढणारी विंच मुकी, लिफ्ट मुकी. आणि वीज असती तरी मी बटणाला हात लावू दिला नसता. सरकत्या चापावर विंच ओढायला लागली तर चाप सरळ हातात येईल.

मेहुणा : मुकादम कधी येईल?

दाजी : जेवून हात धुऊन येतो म्हणाला. त्याचं जेवण म्हणजे लग्नाची पंगत. आणि नंतर वामकुक्षी.

मेहुणा : हाका मारू.

दाजी : मार की. खाली गिरणी चालू आहे. गव्हाचा एकेक दाणा फुटताना बोंब मारतो, त्यात तुझी हाक कोण ऐकणार? तुझा आवाज तुझ्या ताईसारखा असता तर गोष्ट वेगळी होती.

मेहुणा : आणि फोन फाटकावर जमा! म्हणे वरून फोन पडला तर खालच्याच्या डोक्यात बसेल. वरून माणूस पडला तर चालतो वाटतं.

दाजी : माणसाचा नियम लिहायचा राहिला असेल त्यांच्याकडून.

मेहुणा : समोर कचेरीत बघा. सगळे काचेपाशी बसलेत. हात करतो. ओ! ओ साहेब! इकडे! इकडे बघा!

दाजी : बघितलं का रे?

मेहुणा : बघितलं.

दाजी : मग?

मेहुणा : त्यांनीही हात हलवला.

दाजी : दोन्ही हात हलव.

मेहुणा : हलवले. आता दोघीतिघी मिळून हलवतायत. एक जण कप वर करून दाखवतोय.

दाजी : गेले चार दिवस तूच तर रोज सकाळी त्यांना नमस्कार-चमत्कार करत होतास. लळा लावलास, आता भोग. लांडगा आला रे आला तरी बरं. तू तर लांडगा नसतानाच टाटा करत होतास.

मेहुणा : चाप सरकला! आत्ता! बोटभर सरकला, मी बघितलं!

दाजी : मलाही कळलं. पायाखालून कळलं. ए, तू तिकडेच राहा. माझ्याकडे येऊ नकोस.

मेहुणा : तुम्ही इकडे या. माझ्या पट्ट्याला तुमचा हूक लावतो.

दाजी : दोर एकाचा आहे.

मेहुणा : धरेल दोघांना.

दाजी : आणि नाही धरला तर? तुझ्या ताईला नवऱ्यासाठीही रडायचं आणि भावासाठीही. बाईमाणूस आहे, दमेल ती. माझ्याकडे येऊ नकोस म्हटलं ना.

मेहुणा : मग काय करायचं? नुसतं टांगून राहायचं?

दाजी : विचार कर. तू बारावी झालायस.

मेहुणा : माझ्याकडे पांढऱ्याची बादली बांधलेली आहे. लहान डब्यात थोडा निळाही आहे. इंग्रजीत 'हेल्प' लिहू.

दाजी : कुठे?

मेहुणा : इथेच, समोर.

दाजी : ब्रशनं लिहिशील हातभर. कचेरीतून हातभर अक्षर म्हणजे मुंगी. या टाकीवरचं एकेक अक्षर आपल्या दोघांपेक्षा उंच आहे, तेव्हा कुठे त्यांना तिथून वाचता येतं. आपल्याला इथून अक्षर दिसतसुद्धा नाही, नुसता निळा रस्ता दिसतो. तेवढं अक्षर नव्यानं काढायला रंग कुठाय? खाका कुठाय? आणि समज, लिहिलंस. वर मालकांचं नाव, त्याच्या खाली 'ट्रस्ट इज आवर प्रिन्सिपल', आणि शेजारी 'हेल्प'. लोक म्हणतील, वा, कंपनी मदतही करते.

मेहुणा : तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता.

दाजी : मी बोलतोय तोवर बोलू दे. गप्प बसलो की खाली बघावंसं वाटतं.

मेहुणा : बोला मग. काहीही बोला. मी चापाकडे बघतो.

दाजी : तर, एक हॉटेल होतं. जेवणानंतरच्या गोडधोडाची पाटी रंगवायची होती, डेझर्ट. त्यात एस दोन लागतात. रंगवणाऱ्यानं टाकला एकच.

मेहुणा : तुम्ही?

दाजी : मी कसा असेन? माझा एक शत्रू होता, तो. तर एक एस गळाला आणि गोडधोडाचं वाळवंट झालं. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक दारात येऊन विचारतंय, उंट कुठे बांधू?

मेहुणा : खोटं.

दाजी : बरं, उंट नव्हता. पण गिऱ्हाईक आलं की नाही? आधी त्या दाराशी काळं कुत्रं फिरकत नव्हतं. पाटी चुकल्यावर रीघ लागली, चूक बघायला. दुसरी गोष्ट हॉस्पिटलातली. शांतता राखा म्हणून 'क्वाएट प्लीज' लिहायचं होतं. शेवटच्या ई आणि टीनं जागा बदलल्या, झालं 'क्वाइट'. म्हणजे 'अगदी'. 'अगदी प्लीज'! पेशंट सलाइनच्या बाटल्या हातात धरून बाहेर येऊन हसत होते. एक जण तर कोमातून उठून आला. म्हणाला, ही चूक दुरुस्त करा, मग मी परत पडतो.

मेहुणा : दाजी, तुमच्या थापांनी पाळणा जास्त हलतोय.

दाजी : थापा कसल्या? आयुष्यभर बघितलंय मी. बरोबर पाटी कुणी वाचत नाही. चुकीची पाटी आंधळासुद्धा वाचतो, आणि चार जणांना बोलावून दाखवतो.

मेहुणा : थांबा. काय म्हणालात?

दाजी : आंधळासुद्धा...

मेहुणा : नाही, ते नाही. चूक केली की माणसं येतात, असं म्हणालात.

दाजी : येतातच. धावत येतात. मदतीला येणार नाहीत, पण चूक काढायला अनवाणी येतील.

मेहुणा : मग चूक करा.

दाजी : काय करू?

मेहुणा : नवीन अक्षर काढायला रंग नाही ना? आहे ते बिघडवायला तर आहे! आपण कुठल्या शब्दापुढे आहोत?

दाजी : 'प्रिन्सिपल'च्या शेपटीपाशी.

मेहुणा : बिघडवा तिला.

दाजी : अरे, चार दिवस घासून काढलीत ही अक्षरं. मालक दुपारी उद्घाटनाला येतायत. आणि तू मला सांगतोस, जाणूनबुजून...

मेहुणा : चाप, दाजी.

दाजी : ...सरकला?

मेहुणा : सरकला.

दाजी : दे तो लांब दांड्याचा रोलर. हळू. दांडा आधी. तू जागचा हलू नकोस.

मेहुणा : धरलात?

दाजी : धरला. आता ऐक. इंग्रजीत प्रिन्सिपल दोन आहेत. बोलायला सारखे, जुळे भाऊ. एक तत्त्व आणि दुसरा शाळेचा हेडमास्तर. फरक नुसता शेपटीत. तत्त्वाला एल आणि ई, हेडमास्तराला ए आणि एल. भलेभले फसतात. आता या ई चे वरचे दोन हात पांढऱ्यात बुडवतो. हा झाला एल. आणि आधीच्या एलचा पाय पुसून त्याच्या जागी... निळा दे... एक तिरकी, आणि आडवी दांडी... आई गं!

मेहुणा : काय झालं?

दाजी : काही नाही. पाय घसरला. आहे, आहे मी. खाली बघितलं गेलं. माणसं तिळाएवढी आहेत रे.

मेहुणा : मला धरा.

दाजी : धरत नाही. झालं माझं. आता या टाकीवर लिहिलंय, विश्वास हा आमचा हेडमास्तर आहे. बघ कचेरीकडे. गोंधळ उडाला असेल.

मेहुणा : नाही.

दाजी : नीट बघ.

मेहुणा : कुणी उठलेलं नाही. एक जण मोबाइलवर फोटो काढतोय. आता अंगठा वर करून दाखवतोय. छान झालंय म्हणतोय.

दाजी : छान? हेडमास्तर छान?

मेहुणा : तुम्हीच म्हणालात ना, भलेभले फसतात? ते सगळे भलेभलेच बसलेत तिकडे.

दाजी : शिकलेली माणसं! टाय लावणारी! अरे, एकाला तरी टोचावं! एवढी मोठी चूक केली, जीव मुठीत धरून केली, आणि कुणाला दिसेना! असं नव्हतं रे पूर्वी.

मेहुणा : त्या कोपऱ्यातल्या खिडकीत एक बाई उभी आहे. बराच वेळ इकडेच बघतेय. आत गेली. परत आली. तोंडावर हात धरलाय तिनं.

दाजी : तिला दिसलं! येते का?

मेहुणा : पडदा ओढला.

दाजी : पडदा?

मेहुणा : पडदा ओढून आत गेली. आणि दाजी, आता तुमची बाजू सरळ खाली आहे. मी उभा नाही, तुमच्याकडे घसरतोय.

दाजी : कठडा धर! दोन्ही हातांनी! माझ्याकडे येऊ नकोस!

मेहुणा : मालकांचं नाव!

दाजी : काय?

मेहुणा : वरच्या ओळीत मालकांचं आडनाव आहे. त्याचं शेवटचं अक्षर बरोबर आपल्या डोक्यावर आहे. रोलर पोचेल. ते खाऊन टाका!

दाजी : वेडा झालास का? शब्द चुकला तर माफ असतं. मालकाचं नाव चुकलं तर हा कारखाना काय, या गावात कुणी मला दाराची कडीसुद्धा रंगवायला देणार नाही. माझं सगळं हेच आहे रे. मला दुसरं काही येत नाही.

मेहुणा : पडलात तर हेही येणार नाही!

दाजी : ते नाव कोणी पुसलं म्हणून विचारतील, तेव्हा...

मेहुणा : तेव्हा विचारतील तरी! उत्तर द्यायला तुम्ही असाल! दाजी, पाया पडतो. मी ताईच्या समोर एकटा जाऊन उभा राहणार नाही. नाही राहणार. तुम्ही पुसत नसाल तर मी माझा हूक काढतो.

दाजी : ए! हात काढ तिथून! हुकाला हात लावू नकोस!

मेहुणा : मग पुसा.

दाजी : पुसतो, पुसतो. बादली सरकव. असा हट्ट तुझी ताईच करते. एकाच घाण्याचे तुम्ही... भिजला का रोलर?

मेहुणा : भिजला. उचला.

दाजी : जड आहे. पुढे वाकावं लागतंय.

मेहुणा : मी तुमचा शर्ट धरलाय.

दाजी : माफ करा, मालक. गेलं डोकं... गेलं पोट... पाय तेवढे राहू देतो, म्हणजे नाव तुटलेलं दिसेल.

मेहुणा : उठले! दाजी, सगळे उठले!

दाजी : खरं?

मेहुणा : काचेला नाकं लावलीत सगळ्यांनी. बोटं दाखवतायत. तो कपवाला कप टाकून पळाला. पडदा उघडला, ती बाई जिन्याकडे धावली! अंगणात माणसं, वर बघतायत, हात हलवतायत, पुसा, पुसा म्हणतायत... नाही, लिहा, लिहा म्हणतायत.

दाजी : बघ. म्हणालो नव्हतो? अनवाणी.

(टाकीच्या माथ्यावरच्या कठड्यामागून धापा टाकणाऱ्या बाईचा आवाज येतो. ती जाहिरात खात्याची मॅडम.)

मॅडम : पेंटर! ओ पेंटर! हे काय केलंत तुम्ही? कुणाचं नाव आहे ते, कळतंय का? गाडी निघालीय त्यांची! एवढे जिने चढून आलेय मी, लिफ्ट बंद, श्वास... आधी ते अक्षर नीट करा! आत्ताच्या आत्ता!

मेहुणा : मॅडम, दोर! तुमच्या पायाशी दोर बघा!

मॅडम : काय? ऐकू येत नाही! मला कारणं नकोत! माझी नोकरी जाईल! बोर्डाच्या मजकुरावर सही माझी आहे!

दाजी : मॅडम, चाप! डावीकडे! चाप!

मॅडम : काय चाप? कसला... अगं आई.

मेहुणा : दिसलं?

मॅडम : हे... हे सुटतंय. याचा नट नुसता टोकाला राहिलाय. तुम्ही याच्यावर आहात? दोघं?

दाजी : दोघं. हात लावू नका त्याला. फोन आहे का जवळ?

मॅडम : आहे. आहे, थांबा. हॅलो? सायलोवर, धान्याच्या टाकीवर या! माणसं घेऊन या, दोर आणा, सगळं आणा! नाही, नाव राहू दे! नाव मरू दे, माणसं लटकतायत! येतायत. निघाले. पण जिने आहेत, वेळ लागेल. मी वीज चालू करायला सांगू?

दाजी : नको! विंचला कुणी हात लावायचा नाही, ते सांगा त्यांना आधी.

मॅडम : सांगते. विंचला हात लावू नका! हो. सांगितलं. आता?

मेहुणा : मॅडम, दाजींना दोर नाही. त्यांचा दोर पलीकडे शिडीच्या पिंजऱ्यात अडकलाय. वरचं टोक तुमच्याजवळच कठड्याला बांधलेलं असेल. लाल दोर.

मॅडम : लाल. हा इथे आहे. तो तिकडे खाली गेलाय.

मेहुणा : तो ओढून सोडवा आणि आमच्या बाजूला आणा.

मॅडम : त्यासाठी कठड्यावरून वाकावं लागेल.

मेहुणा : हो.

मॅडम : मला... मला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा उभं राहवत नाही हो. मी इथवर कशी आले, मलाच माहीत नाही. नावाच्या भीतीनं आले. आता ती भीती गेली आणि दुसरी आली.

दाजी : मॅडम, माझंही तसंच आहे. आपण असं करू, बोलत बोलत भिऊ. तुम्ही दोराकडेच बघा. खाली कुणी नाही असं समजा. आणि मला एक सांगा, 'प्रिन्सिपल' चुकलं होतं, ते तुम्हाला दिसलं नाही?

मॅडम : दिसलं.

दाजी : ओढताय ना?

मॅडम : ओढतेय. दिसलं होतं हो. कोपऱ्यातल्या खिडकीतून. पण मला वाटलं, चूक माझीच. शब्द मीच दिला होता तुम्हाला. सकाळी काय होतं ते आठवेना. दोन्ही शब्दांकडे इतका वेळ बघितलं की दोन्ही बरोबर वाटायला लागले, मग दोन्ही चूक. म्हटलं, बोलले तर सगळ्यांना कळेल. म्हणून पडदा ओढला.

मेहुणा : तुम्ही पडदा ओढलात तेव्हा हा माणूस एका पायावर होता!

मॅडम : मला काय माहीत! मला वाटलं... मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही.

दाजी : तू गप रे. तिच्यावर ओरडू नकोस. मॅडम, मालकांचं नाव मात्र पाठ होतं, काय?

मॅडम : ते कोण चुकेल? ते तर पगाराच्या दिवशी... सुटला! पिंजऱ्यातून सुटला दोर!

दाजी : शाब्बास! आता कठड्याला धरून आमच्या अंगाला चालत या. आणा झोका देत.

मॅडम : आणते. येतोय का? येतोय का तिकडे?

मेहुणा : येतोय! अजून थोडा! दाजी, हात लांब करा! डावा हात!

दाजी : पोचत नाही.

मॅडम : अजून वाकते.

दाजी : नका वाकू एवढ्या! ए बाई, सांभाळ!

मॅडम : मी डोळे मिटलेत! मला सांगत राहा! कुठे आहे दोर?

मेहुणा : उजवीकडे! तुमच्या उजवीकडे! थोडा... थोडा... दाजी, आता!

दाजी : धरला. धरला!

मेहुणा : हूक! हूक लावा!

दाजी : लागत नाहीये. रंगानं बुळबुळीत झालंय सगळं.

मेहुणा : मी येतो.

दाजी : नको येऊस, पाळणा...

मेहुणा : आलो. द्या इकडे. बघू नका, माझ्या तोंडाकडे बघा. त्या उंटाचं पुढे काय झालं?

दाजी : कुठला उंट?

मेहुणा : हॉटेलातला. कुठे बांधला शेवटी?

दाजी : उंट नव्हताच रे. थाप होती ती.

मेहुणा : लागला! हूक लागला!

मॅडम : आवाज आला! पेंटर, चाप गेला!

मेहुणा : दाजी!

मॅडम : पेंटर? ओ पेंटर! अहो, बोला कुणीतरी! मी डोळे उघडणार नाही, तुम्ही आधी बोला!

दाजी : ...आहे.

मॅडम : दोघं?

मेहुणा : दोघं. पाळणा एका दोरावर उभा लटकलाय. आम्ही आमच्या दोरांवर. दाजी, माझ्या गळ्याला धरलंय ते जरा सैल करा, श्वास घेऊ द्या.

दाजी : नाही करत.

मेहुणा : बरं. राहू द्या.

मॅडम : माणसं आली! जिन्यावर आवाज येतोय! इकडे, इकडे या! आधी म्हाताऱ्यांना! हळू घ्या हो, खेचू नका, हातावर हात धरून घ्या!

दाजी : म्हातारा कुणाला म्हणाली ती?

मेहुणा : तुम्हाला.

दाजी : म्हणू दे.

मॅडम : या. इथे पाय ठेवा. आला पाय. दुसरा आणा. आलात, आलात तुम्ही. आता यांना घ्या. पेंटर, पट्टा सोडू नका, जिन्याच्या भिंतीपाशी सरका.

मेहुणा : आलो मी. दाजी, आलो. बघा, जमीन आहे.

दाजी : जमीन कुठली, टाकीचं टोक आहे हे.

मेहुणा : असू दे. सपाट आहे.

मॅडम : तुमच्या सगळ्या अंगाला रंग लागलाय.

दाजी : तुमच्या साडीलाही लागला. धुतल्यानं जाणार नाही तो. चांगल्या कंपनीचा आहे.

मॅडम : फाटकात गाडी आली. तीच. थांबली मध्येच. दार उघडलं. ते उतरून वर बघतायत.

मेहुणा : काय करतायत?

मॅडम : नुसते बघतायत. कंबरेवर हात ठेवून. त्यांच्या मागे सगळी कचेरी उभी आहे. आता मला खाली जावं लागेल. तुम्हालाही बोलावतील. काय सांगायचं त्यांना? नाव तुम्ही पुसलंत म्हणून सांगायचं, की शब्द चुकलेला मला दिसला आणि मी गप्प बसले म्हणून?

मेहुणा : चाप सुटत होता म्हणून सांगा ना, सरळ.

मॅडम : ते ऐकतील. पण बघतील नावाकडेच.

दाजी : मॅडम, बसा इथे, भिंतीला टेकून. याच्या आणि माझ्या मध्ये बसा, म्हणजे कड दिसणार नाही.

मॅडम : ते वाट बघतायत खाली.

दाजी : बघू देत. आत्ता जरा बसू. मालकांना मग भिऊ.